लंडनवालीची जवारी

"हे आमचं काम नव्हे, डॉक्टरबाई," अब्बा म्हणाले आणि हातातल्या तंबोऱ्याकडं परत वळले.

डॉक्टरबाई जागच्या हलल्या नाहीत. आमच्या मिरजेच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी काळ्या पेटीतून एक गिटार काढली आणि सरळ अब्बांच्या पुढ्यात, लाकडाच्या भुशातच ठेवली. पोकळ पोटाची गिटार, व्हायोलिनला असतात तशी दोन भोकं असलेली. तारा लोंबत होत्या, आणि तारा ज्याच्यावर टेकतात ती लाकडी घोडी मधोमध दुभंगलेली होती.

"रेल्वेत वरच्या बाकावरून पडली हो," त्या म्हणाल्या. "मुंबईत दाखवली, तर म्हणाले विलायतेहून मागवा. मग आमच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, अगंबाई, मिरजेत राहून घोडीसाठी रडतेस?"

नीलिमा टिपणीस त्यांचं नाव. वाढल्या इंग्लंडात, लेस्टरला, आणि इथल्या एका दवाखान्यात काही महिने शिकायला आल्या होत्या. केस मुलासारखे कापलेले, पायात जाडजूड बूट, आणि बोलणं मात्र जुन्या बायकांचं. त्यांना मराठी आजीनं शिकवलं होतं, त्यामुळं त्या 'अय्या' आणि 'अगंबाई' असं काही म्हणायच्या की गल्लीतली पोरं तोंडावर हात धरून हसायची.

अब्बांनी फुटकी घोडी उचलली, उलटीसुलटी बघितली. "चिकटवलेली नाही ही."

"नाही ना. नुसती ठेवलेली असते. तारांच्या दाबानं उभी राहते. तुमच्या सतारीसारखीच."

हे ऐकल्यावर अब्बा जरा नरमले. आमची सतारमेकरांची गल्ली. कुणी आमच्या कामातलं काहीतरी जाणून बोललं की अब्बांचा नकार पातळ व्हायचा. घरात आम्ही आमच्या मिरजेच्या हिंदीत बोलतो, पण इथं सगळं मराठीतच सांगतो, तेवढं सांभाळून घ्या.

"आवाज कसा पाहिजे?" अब्बांनी विचारलं.

"ऐकवू?" बाईंनी झोळीतून कॅसेट काढली.

दुकानात टेपरेकॉर्डर होता, पण तो अब्बांच्या ताब्यात. त्यावर ख्यालाशिवाय दुसरं काही वाजलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी मान हलवून परवानगी दिली आणि पुढच्याच क्षणाला आमच्या दुकानात कुणीतरी पत्रे फेकायला लागलं. ढोल धावत सुटलेले, गिटार करवतीसारखी, आणि गाणारा गात नव्हताच, तो घरमालकाशी भांडत असावा. शेजारच्या दुकानातनं दोन डोकी बाहेर आली. मला हसू फुटलं. अब्बांच्या कपाळाला आठी पडली आणि मला वाटलं आता बाईंची धडगत नाही.

"कोण आहेत हे?"

"लंडनची पोरं. माझ्या मोठ्या भावाची रेकॉर्ड होती, मी शाळेत होते तेव्हाची. त्यावरून कॅसेट केली. तेव्हा लोक म्हणाले, सहा महिन्यांत विसरतील. मी अजून ऐकते. सगळे ऐकतात. खरं सांगू का काका, यांना नीट वाजवता येत नव्हतं. तरी वाजवलं."

"वाजवता येत नसेल तर माणसानं घरी बसावं," अब्बा म्हणाले.

पण त्यांनी टेप बंद केला नाही. मान तिरकी करून ऐकत राहिले. तंबोरा जुळवताना करतात तशीच मान. मग बोट वर केलं. "थांबा. जरा मागं घ्या. ती गिटार एकटी वाजते तिथं."

बाईंनी मागं घेतलं. गिटार परत गुरगुरली.

"हिची जवारी खुली आहे," अब्बा म्हणाले. "घोडी कुणीतरी घासलीय. बेताल घासलीय, पण खुली घासलीय. असाच आवाज पाहिजे ना तुम्हाला?"

"अगदी असाच," बाई आनंदानं म्हणाल्या. जवारी कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विलायती गिटार कशावर गुरगुरते हे आम्हाला. दोन्हीकडं असा आनंद होता.

आता जवारीचं सांगायला पाहिजे, कारण माझं सगळं तिच्यावरच अडलं होतं. तंबोरा नुसता बनवला म्हणून बोलत नाही. घोडीचा माथा कानशीनं असा हलके हलके घासायचा की तार तिला टेकतेही आणि टेकतही नाही. ते जमलं की एका तारेतून भरलेला, गुंजणारा सूर निघतो. तीच जवारी, आणि आमच्या घराचं नाव तिच्यावर. मी तेव्हा विशीतला. भोपळा कापणं, दांडी जोडणं, लाख लावणं, नक्षी, सगळं मला येत होतं. जवारी तेवढी येत नव्हती.

म्हणजे कसं व्हायचं, मी घासत जायचो, तार जरा उघडायची, आणि मग एकदम किर्र करायची. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. मोठमोठ्या गवयांचे तंबोरे ते, बिघडले तर काय, म्हणून मी घाईनं मागं यायचो, माथा परत गोल करून टाकायचो. मग अब्बा तार छेडायचे आणि म्हणायचे, "मिटलेली आहे. तुझ्या हातची तार तोंडाला पदर लावून बोलते." आणि कानस माझ्या हातातून काढून घ्यायचे.

असं कैक वेळा झालं. शेवटी अब्बांनी परस्पर ठरवून टाकलं. कोल्हापूरला माझे हमीदमामू, त्यांचा सोफ्याचा कारखाना. महिनाअखेरीला ते येऊन मला घेऊन जाणार होते. "ज्याला जवारी येत नाही तो सुतार," अब्बा म्हणाले होते. "सुतारकीच करायची तर पोट भरेल तिथं करावी." अम्मीनं ट्रंक काढून उन्हात ठेवली होती.

मला जायचं नव्हतं. चार घरांतून तारा लावल्याचे आवाज ऐकत मी रोज उठलो होतो, दुसरीकडं कसं उठायचं हेच मला माहीत नव्हतं. कोल्हापूर काही लांब नाही, तरीही. आणि लाज होती. गल्लीत सगळे म्हणणार, इस्माईलभाईंच्या पोराला कान नाही.

डॉक्टरबाई कॅसेट ठेवून गेल्यावर अब्बांनी गिटार माझ्याकडं सरकवली. "मौला, ही तू कर. माझ्याकडं धारवाडच्या गाणाऱ्या बाईंचा तंबोरा आहे. आणि ती बोंबाबोंब परसात नेऊन ऐक."

मी परसात पेरूच्या झाडाखाली बसलो आणि लंडनवाली लावली. कॅसेटवर नाव होतं, पण ते पुसट झालेलं, म्हणून आम्ही तिला लंडनवालीच म्हणायला लागलो. आज तिचं नाव, त्या पोरांची नावं, सगळं मला पाठ आहे. मुलीनं फोनवर शोधून दिलं. जगभर लोक अजून तिच्यावर लिहितात म्हणे. पण आमच्यात ती लंडनवालीच.

पहिल्या दिवशी डोकं उठलं. अम्मी पदरानं कान झाकून आली आणि म्हणाली, "यांच्या आयांनी यांना जेवायला दिलं नव्हतं का रे?" शेजारच्या चाचींनी कुणाचं भांडण चाललंय म्हणून भिंतीवरनं डोकावून बघितलं. पण मला त्या आवाजाचीच घोडी करायची होती, तेव्हा ऐकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी शिसवाचा तुकडा घेतला, तंबोऱ्याला करतो तशी रुंद माथ्याची घोडी तासली, गिटारीवर चढवली, तारा ओढल्या, आणि घासायला बसलो. एक गाणं ऐकायचं, जरा घासायचं, तार छेडायची, परत ऐकायचं.

ऐकता ऐकता एक कळलं. ते गिटारवालं पोरगं चुकत होतं. सरळ चुकत होतं, आणि पुढं जात होतं. एका गाण्यात तर त्याची तार अशी खरखरते की आपल्याकडं कुणी मैफलीतून उठून गेलं असतं. ते थांबत नाही. ढोलवाला थांबत नाही. भांडणारा तर नाहीच नाही. आणि खरखर तशीच चालू राहिली की थोड्या वेळानं ती खरखर वाटेनाशी होते, तिच्या आत एक सूर उभा असतो. मला ते आवडायला लागलं. का आवडतंय ते मी स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर येईल तर अब्बांना काय सांगू असं वाटायचं.

मग माझी घोडी किर्र करायला लागली. नेहमीची जागा. हात आपोआप मागं आला. पण परसात अब्बा नव्हते, ही गिटार कुठल्या गवयाची नव्हती, आणि टेपवर ती पोरं माझ्याहून दसपट किर्र करत सुटली होती. मी म्हटलं, जाऊ दे, होऊन जाऊ दे. घासत राहिलो. किर्र वाढलं, वाढलं, आणि मग बसलं. कॅसेटमधल्यासारखा आवाज काही आला नाही. वेगळंच काहीतरी आलं, जाड, लांबणारं. मला वाटलं, गिटारीचं असंच असेल. बाकीच्या तारांखालचा माथाही तसाच घासून टाकला.

डॉक्टरबाई गिटार न्यायला आल्या त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं हमीदमामू आले. माझी ट्रंक दाराशी होती. मामू दुकानात चहा घेत बसले होते. उमदा माणूस, येताना माझ्यासाठी नवी मोजपट्टी घेऊन आले होते, त्यामुळं त्यांच्यावर रागावताही येईना.

बाईंनी गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला. दुकान गुंजलं. बाईंचा चेहरा उतरला.

"अय्या, काका, हे काय?"

"का? खुली आहे की," अब्बा म्हणाले.

"अहो पण ही तर सतारीसारखी वाजतेय. गिटार अशी नसते."

"तुमच्या कॅसेटमध्ये आहे ती गुरगुर?"

बाईंच्या ध्यानात आलं. त्या कपाळाला हात लावून हसल्या, मग आम्ही हसत नाही बघून समजावून सांगू लागल्या. "काका, ती गुरगुर घोडीची नाही हो. गिटारीची वायर एका डब्याला लावतात. तो डबा मोठ्यानं केला की आवाज फाटतो. ती सगळी त्या डब्याची करामत. घोडी अगदी साधी असते, तिनं तारा धरायच्या, बस."

मामूंना हसू आवरेना. "दुल्हेभाई, विलायती तंबोराच केला की तुम्ही."

मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. निघायच्या दिवशी ही शोभा. गल्लीत संध्याकाळपर्यंत पसरणार, मौलानं गिटारला जवारी लावली. मी खाली मान घालून अब्बांच्या शब्दांची वाट बघत होतो.

"चूक माझी आहे, डॉक्टरबाई," अब्बा म्हणाले. "पोराला जवारी मीच सांगितली. मला वाटलं गुरगुर म्हणजे जवारीच. उद्या साधी घोडी करून देतो. पैसे घेणार नाही."

गिऱ्हाईकासमोर अब्बांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी तोवर ऐकली नव्हती. मामूंचंही हसणं थांबलं. बाई घाईघाईनं म्हणू लागल्या की तसं काही नाही, चूक त्यांचीच, त्यांनीच सांगायला हवं होतं. अब्बांनी त्यांच्या मांडीवरून गिटार उचलली, घोडी उतरवण्यासाठी. तारा ढिल्या करायच्या आधी सवयीनं जाडी तार एकदा छेडली.

आणि थांबले. परत छेडली. कान तारेपाशी नेला. मग दुसरी, तिसरी, सगळ्या. प्रत्येक तार पुरती विरेपर्यंत ते ऐकत राहिले.

"कुठं थांबलास?" त्यांनी मला विचारलं.

"कळलं नाही, अब्बा."

"किर्र झाली होती?"

"झाली होती."

"मग मागं आला नाहीस?"

"नाही. पुढं गेलो."

"का?"

मी खरं तेच सांगितलं. "लंडनवाली पोरं थांबत नव्हती."

अब्बा हसले नाहीत. त्यांनी गिटार बाजूला ठेवली, उठले आणि धारवाडच्या बाईंचा तंबोरा आणून माझ्या पुढ्यात आडवा केला. कानस माझ्या हातात दिली. "बस."

"अब्बा, हा धारवाडच्या बाईंचा आहे."

"माहीत आहे कुणाचा आहे."

"तुम्ही करा. बिघडला तर?"

तेव्हा त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. हात थरथरत होता. नुसता धरलेला, रिकामा, आणि थरथरत होता. चहाचा ग्लास ते हल्ली दोन हातांनी धरायचे, ते मी बघितलं होतं आणि वयाच्या खाती टाकलं होतं. हा तंबोरा इतके दिवस का रेंगाळला होता, धारवाडहून येणाऱ्या माणसाला दर वेळी 'पुढच्या आठवड्यात या' का सांगितलं जात होतं, ते आत्ता मला कळलं.

"माझ्यानं आता होत नाही, मौला," अब्बा म्हणाले. मामूंसमोर, परक्या बाईसमोर म्हणाले. "माझा हात जायच्या आत तुला यायला पाहिजे होतं. येईना. मग म्हटलं, दुकान बसायच्या आधी तुला तरी मार्गी लावावं."

मला रडू आलं. मी ते गिळलं नाही, तसाच नाक ओढत बसलो आणि कानस चालवायला लागलो. अब्बा समोर बसले. डॉक्टरबाईही पायरीवरून उठल्या नाहीत. घासायचं, छेडायचं, ऐकायचं. तार जरा उघडली. अजून जरा. मग ती जागा आली आणि तारेनं किर्र केलं.

"बास बास, बिघडलं," मामू म्हणाले.

"हमीद, चहा प्या," अब्बा म्हणाले.

हात मागं यायला बघत होता. मी अब्बांकडं बघितलं. कानस काढून घ्यायला त्यांचा हात पुढं आला नव्हता, दोन्ही हात मांडीवर दाबून ठेवले होते. मी घासलं. किर्र वाढलं, अगदी परसात वाढलं होतं तसं, आणि धारवाडच्या बाईंचा तंबोरा आहे हे सगळं आठवत असून मी घासत राहिलो. भीती गेली नव्हती. आजही जात नाही. म्हणून तर अजून एखादा अवघड तंबोरा आला की मी आधी लंडनवाली ऐकतो, आणि गिऱ्हाईक विचारतात की मास्तर, तुम्ही आणि हे? त्या पोरांना वाजवता येत होतं की नव्हतं, मला कळत नाही. त्यांनी मला किर्रच्या पलीकडं नेलं, एवढं कळतं.

तार बसली. मी तारेखाली, घोडीच्या माथ्यावर, सुताचा दोरा सरकवला आणि तार छेडली. खर्ज असा उघडला की त्याच्यातून वरचे सूर आपले आपण बाहेर यायला लागले, एकामागून एक, आणि राहिले. मामूंनी बशी खाली ठेवली. बाई आजीच्या मराठीतलं काहीतरी पुटपुटल्या. अब्बा डोळे मिटून ऐकत होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं तरी पुसायला हात उचलेनात.

"कॅसेट?" थोड्या वेळानं बाईंनी हळूच विचारलं.

"ती राहू द्या आमच्याकडं," अब्बा म्हणाले.

"राहू द्या. मला ती तोंडपाठ आहे."

मग अब्बांनी डोळे पुसले, तंबोरा माझ्या पुढ्यातून उचलून भिंतीवरच्या खुंटीला टांगला आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "हात धू. मामूंना स्टँडवर सोडून ये. बाकीच्या तारा संध्याकाळपर्यंत झाल्या पाहिजेत."

मी हात धुतले. मामूंना कोल्हापूरच्या गाडीत बसवून दिलं, आणि परत आलो.